बिनमिशीचा खवळा

नदीतला मासा कुठल्या वेळी कुठे असतो, हे कसालच्या आसपासच्या दहा गावांत सत्यवान म्हाडगुताइतकं कोणालाच कळत नव्हतं. आणि काठी, दोरी, गरी घेऊन जाऊन रिकाम्या हाताने परत येण्यातही त्या दहा गावांत त्याचा हात कोणी धरला नसता.

ज्ञान मात्र अस्सल. माघातल्या सकाळी पाणी गार असतं, तेव्हा मासा कोंडीच्या तळाला बसून राहतो. ऊन चढलं की उथळावर येतो. दुपारी करंजाच्या सावलीत शिरतो. धावतं पाणी जिथे संथ पाण्याला मिळतं तिथे, दगडाच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून तो उभा असतो, कारण खाणं आपोआप तोंडाशी येतं. वाम बांधाच्या बिळात, मरळ शेवाळाखाली. आणि या साऱ्यांचा राजा खवळा, रुपयाएवढ्या सोनेरी खवल्यांचा, तोंडाशी लोंबत्या मिशा मिरवणारा, उंबराखालच्या डोहात. पिकलेलं उंबर टपकन पडलं की हा खालून वर येतो. हे सगळं सत्यवान तोंडपाठ सांगत असे.

सांगत असे, हीच तर गोम होती. माणसाची सावली पाण्यावर पडली की मासा खाली जातो, काठावर पाय आपटला तरी त्याच्या अंगाला कळतं, हेसुद्धा तो सांगायचा. पण सांगायचा ते डोहाच्या काठावर ताठ उभा राहून, सूर्य पाठीशी घेऊन, हातवारे करत आणि ठासून सांगायचं असेल तिथे पाय आपटत. शेजारचे दाजी त्याचं व्याख्यान ऐकून घ्यायचे, तो घरी गेल्यावर त्याच दगडावर गप्प बसायचे आणि तासाभरात दोन मासे काढायचे. "सत्यवानाचा सांगणा कधी चुकाचा नाय," असं ते मासे साफ करता करता कौतुकाने म्हणत.

सत्यवानाला ओळखणारं आणखी एक माणूस होतं. मालवणची हिरा. सकाळच्या गाडीच्या टपावर पाटी टाकून ती यायची, वाड्यांतून मासे विकत फिरायची आणि अकराच्या सुमाराला नदीची पाऊलवाट जिथे सडकेला मिळते त्या वळणावर आंब्याखाली बसायची. बाजार सोडून ही आडवाटेला का बसते, असा प्रश्न नवख्याला पडे. जुन्यांना पडत नसे. मासा कुठे, कधी आणि कशाला लागतो हे सत्यवानाला ठाऊक. सत्यवान कुठे, कधी आणि कशाला लागतो हे हिराला. फरक इतकाच की हिराची गरी कधी रिकामी गेली नाही. तो दिसला की ती आधीच पानात काढून ठेवलेले चार बांगडे पुढे करायची.

"आज पाणी गढूळ होता," सत्यवान म्हणायचा.

"व्हय तर! आमचा मात्र सायबाच्या कृपेन खारा होता," हिरा म्हणायची.

अशी वीस वर्षं सुखात गेली. मग अठ्ठावन्न साली त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, रुक्मिणीचं लग्न झालं आणि विजयदुर्गचे गुरुदास बांदकर त्याचे व्याही झाले. बांदकरांच्या तीन पिढ्यांनी समुद्रावर पडाव चालवलेले. लग्नाच्या पंगतीत सत्यवानाने त्यांच्याशेजारी बसून भातापासून सोलकढीपर्यंत खवळ्याचं माहात्म्य सांगितलं. बांदकरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि हात धुताना म्हणाले, "व्याहीनू, चिखलच खावचो आसलो तर ताटात मासो कित्याक घेवचो?"

सत्यवान पेटला. "माघात येवा आमच्याकडे! माझ्या हातान गरवलेलो खवळो तुमका जेवूक घालतलंय. नाय घातलंय तर माझी काठी चुलीत!"

"चुलीत नको. माका द्या," बांदकर म्हणाले. "आमच्याकडे पडवीत कपडे वाळत घालूक काठी नाय."

ती काठी म्हणजे सत्यवानाचा जीव. चिवारीच्या बांबूची, वीस वर्षं तेल पाजून तांबूस केलेली, ओटीवर दोन खुंट्यांवर देवासारखी ठेवलेली. रुक्मिणीची पाठवणी करताना त्याने डोळे पुसले की नाही हे कोणाला आठवत नाही. पण काठीवर कपडे वाळत घालण्याचं नाव ऐकून त्याचा ओठ थरथरलेला सगळ्यांनी पाहिला.

माघात बांदकरांचं पत्र आलं: बुधवारी दुपारी पोचतो, एक रात्र राहतो. सत्यवान शनिवारपासून उंबराखाली जाऊन बसला. पाहुणे येणार ही बातमी गावाला कळली होती, त्यामुळे रोज चारपाच जण बघायला यायचे, आणि त्यांना खवळ्याच्या सवयी समजावून सांगितल्याशिवाय सत्यवानाला राहवत नव्हतं. बुधवारचे अकरा वाजले तरी टोपलीत उंबराची पानंच होती. तो वळणावर आला तेव्हा त्याचं तोंड बघून हिराने बांगडे परत पाटीत टाकले.

"आज बांगडे नको ना, म्हाडगूतानू?"

"हिरा," इकडे तिकडे बघत सत्यवान हळूच म्हणाला, "नदीतलो दिसात असो काय आसा तुझ्याकडे?"

हिराने पाटीच्या तळातून हातभर लांब शेवटा काढला. खाडीतला. "हो निम्मो गोड्या पाण्यातलोच. पावसात नदीत चढता. जातीन तुमचो पाव्हणोच."

"मिशये नाय गे ह्याका."

"बोडून घेतल्यान म्हणान सांगा."

घरी सुगंधाने, म्हणजे सत्यवानाच्या बायकोने, टोपलीत एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, हो शेवटो!"

"आजच्या दिवस खवळो म्हण."

"मी म्हणतलंय. पण ते विजयदुर्गचे आसत. आईच्या दुधाआधी शेवट्याचो कढ पितत ते."

तेवढ्यात बांदकर अंगणात हजर! नांदगावला गाडी लवकर मिळाली म्हणे. त्यांनी टोपलीत वाकून पाहिलं, मासा शेपटीला धरून उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"हो खवळो?"

"खवळो," सत्यवान म्हणाला.

"तुमच्या हातान गरवलेलो?"

"ह्या हातान."

"बरो आसा," म्हणून बांदकर पाय धुवायला गेले.

जेवताना त्यांनी माशाचं डोकं मागून घेतलं, तीनदा त्याची कढी वाढून घेतली आणि चिखलाचं नावही काढलं नाही. शेवटी ताटावरून उठता उठता बांदकर म्हणाले, "व्याहीनू, पैज जिंकलात. आता उद्या सकाळी जागा दाखवा. असो मासो गोड्या पाण्यात मिळता म्हणजे ती जागा बघूक व्हयी."

गुरुवारी सकाळी दोघे उंबराखाली जाऊन बसले. मागे दाजीही आले. फुकटचं व्याख्यान ते चुकवत नसत. पण व्याख्यान झालंच नाही. तोंड उघडलं तर एखादा शब्द निसटेल, त्यातून दुसरा निसटेल आणि शेवटी शेवटाच बाहेर पडेल, या भीतीने सत्यवानाने दात आवळले होते. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने गरीला पिकलं उंबर टोचून पाण्यात सोडलं आणि व्याह्यांची नजर चुकवायला तो मान खाली घालून, अंग चोरून, दगडाआड बसला. सावली पाण्यावर नव्हती. पाय आपटत नव्हता. वीस वर्षांत डोहाला एवढी शांतता लाभली नव्हती.

अर्ध्या तासाने काठी कमानीसारखी वाकली.

दोरी उजवीकडे पळाली, डावीकडे पळाली, दगडाला घासली. दाजी कमरेएवढ्या पाण्यात उतरले. आणि मग तो काठावर आला: सोनेरी, जाडजूड, खवला न् खवला रुपयाएवढा, तोंडाशी दोन्हीकडे लोंबत्या मिशा. सत्यवानाने आयुष्यभर ज्याचं वर्णन केलं तो जसाच्या तसा.

"सत्यवाना, खवळो!" दाजी ओरडले.

"हो खवळो?" बांदकर म्हणाले. "मग कालच्याक मिशये नव्हत्ये त्या?"

सत्यवान हातातल्या खवळ्याकडे बघत राहिला. तो गावात नेला की दहा माणसं बघणार, आणि कालचा मासा बघितलेलं अकरावं माणूस त्यांच्यात बसून मिशांची चौकशी करणार. त्याने गरी सोडवली. वीस वर्षांनी लागलेला खवळा दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. शेपटीचा एक फटका, आणि डोह पुन्हा काळा झाला.

"अरे, सोडलंस?" दाजी रडकुंडीला आले.

"आज गुरुवार," सत्यवान म्हणाला. "गुरुवारी मी जीव घेणंय नाय."

"मग गरी कित्याक टाकलात?" बांदकरांनी विचारलं.

सत्यवान भिजलेले हात पंचाला पुसत राहिला. मग म्हणाला, "कालचो शेवटो होतो."

"वळणावरच्या हिराचो," बांदकर म्हणाले. "काल तुमच्या घराची वाट तिकाच विचारलंय, पाटीत असलेच आणखी दोन होते. मंगळवारचो मासो. डोळो बघूनच समाजला. पण तुमच्या बायकोन केलेली कढी बरी होती, म्हणान गप बसलंय." मग डोहाकडे बोट करून ते म्हणाले, "ह्यो मात्र मी बघलंय. चिखलातलो दिसाक नाय."

आपण जिंकलो की हरलो हे सत्यवानाला कळेना. ते त्याला दुपारी कळलं. एस्टीत चढताना बांदकरांनी हात पुढे केला.

"काठी?" सत्यवान पुटपुटला.

"पैज ती पैज. जेवूक घातलात तो तुमच्या हातचो नव्हतो, आणि तुमच्या हातचो होतो तो जेवूक घातलात नाय."

कंडक्टरने काठी टपावर बांधली. तिचं टोक मागे हलत हलत वळणाआड गेलं, आणि आपल्या एकुलत्या मुलीच्या पाठवणीत कोणाला आठवत नाही ते डोळे पुसणं सत्यवानाला तिथे चारचौघांत जमलं.

पुढे रुक्मिणी माहेरी आली की सांगायची, सासऱ्यांनी त्या काठीवर धोतर वाळत घातलं नाही. ओटीवर दोन खुंट्यांवर ठेवली आहे, आणि आल्यागेल्याला ते खवळ्याच्या सवयी सांगतात, चुकीच्या. हे ऐकून सत्यवान तळमळायचा. त्या सुधारून पाठवणारी दोन पोस्टकार्डंही त्याने लिहिली.

काठी गेली, तसं नदीवर जायचं कारणही गेलं. पण दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी अकराला हिरा वळणावर बसलेली असताना पाऊलवाटेने सत्यवान आला. हातात काठी नाही, टोपली नाही.

"आज पाणी गढूळ होता," तो म्हणाला.

हिराने पानातले चार बांगडे पुढे केले. ते आधीच काढून ठेवलेले होते.