दुकान वाढवलं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपबश्यांचं दुकान होतं आणि दुकानदाराला सगळे ‘कपबशी’च म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा. खरं नाव टपालवाल्याला ठाऊक असेल तर असेल. मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही, त्याला आवडायचं नाही. माझी शाळा गावची. एका खोलीत चार इयत्ता बसायच्या, त्यामुळे चारही वर्षं सगळंच ऐकू यायचं. ऐकलेलं सांगत सुटायची खोड तेव्हापासूनची. तर कपबशीचं सांगतो.

हा माणूस कप नुसता विकायचा नाही. आधी काठावर अंगठीनं टिचकी मारायचा आणि कान लावायचा. टण्ण वाजला की म्हणायचा, “घ्या, हा बोलतोय.” ठस्स आवाज आला की गुपचूप खाली ठेवायचा. “याला सर्दी झालीये.” एक बाई एकदा हट्टाला पेटल्या, “अहो, तडा कुठे दिसतोय?” हा म्हणतो, “तुमच्या यजमानांच्या डोक्यातला तरी कुठे दिसतो, बाई?” बाई इतक्या हसल्या की कपाबरोबर किटलीही घेऊन गेल्या.

एका फळीवर सगळा सुटा माल. कप फुटून एकट्या उरलेल्या बश्या, बशी गमावलेले कप. घराघरातून लोक आपला उरलेला कप पिशवीतून आणायचे आणि जोड शोधायचे. “या, या, स्थळ दाखवतो,” म्हणून हा एकेक बशी पुढे करायचा. रंग जुळला की, “पसंत आहे म्हणते मुलगी!”

आणखी एक. जुन्या दुकानदारांसारखा हाही ‘बंद’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. संध्याकाळी शटर ओढलं की “दुकान वाढवलं.” हातून कप फुटला तरी “एक वाढला.” मी म्हणायचो, “असा वाढत राहिलास तर भीक मागशील.” तो म्हणायचा, “तू आधी तुझी जीभ वाढव.”

मग ती ऑनलाइनवाली मोठी कंपनी आली. खोटं कशाला बोलू, मी तिचा भक्त. सुनेनं मला फोनवर मागवायला शिकवलं आणि मी लहान मुलासारखा दाराकडे डोळे लावून बसायला लागलो. गुडघ्याचा पट्टा आला. चपला आल्या, त्या लहान निघाल्या. परत न्यायला आलेल्या माणसानं कपाळाला आठीसुद्धा घातली नाही! आमच्या वेळचा दुकानदार म्हणायचा, “चप्पल बरोबर आहे, तुझा पाय चुकलाय.” अर्थात फजितीही व्हायची. मी चहासाठी ऐटीत एक टेबल मागवलं, ते निघालं बाहुलीचं. फोटोत उंची कोण बघतो? नात खूश झाली, टेबल तिलाच देऊन टाकलं.

कपबशी यावर हसायचा, पण कंपनीला कधी शिव्या देत नसे. त्याला कारण होतं.

वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, झटका आला आणि उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालेलं, पाणी पाजायला जावं तर सगळं गळ्यावर. नर्स म्हणाली, चोचीचा कप असतो, तो आणा. ज्याचा जन्म कपांत गेला त्याच्याकडे नेमका तोच नव्हता. त्यानं माळा उपसला, घाऊकवाल्यांना फोन केले. कुणाकडे नाही. शेवटी मुलीनं दूरच्या शहरातून तिच्या फोनवर मागवला आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला तो दारात हजर. यानं सवयीनं टिचकी मारली. प्लास्टिकच ते. “मुका आहे,” म्हणाला. पण वहिनींनी त्यातून पहिला घोट न सांडता घेतला आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या. गेल्या तोवर त्यातूनच प्यायल्या.

वहिनी गेल्यावर दुकानाला ओहोटी लागली. लोक यायचे, कप वाजवून घ्यायचे, फोटो काढायचे आणि “येतो हं” म्हणून जायचे. घरी बसून तेच कंपनीकडून स्वस्तात. त्यांची चूक कशी काढू? मीही त्यातलाच. पण एका बाईंनी कमाल केली. कंपनीकडून आलेला अख्खा संच खोक्यासकट याच्यासमोर ठेवला. “काका, जरा वाजवून बघा ना, परत करायचा तर आजच मुदत आहे.” यानं एकेक कप वाजवला. “या दोघांना सर्दी आहे. बदलून मागा.” बाई म्हणाल्या, “तुम्ही आहात म्हणून बरं!” मग काय, बातमी पसरली. रोज कुणी ना कुणी खोकं घेऊन दारात. मी म्हटलं, “दुकान राहिलं नाही रे, दवाखाना झाला तुझा.” तो म्हणाला, “दवाखान्यात निदान फी असते.”

त्याची मुलगी त्याच कंपनीत होती. लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं काम. ती सारखी बापाच्या मागे लागायची, “बाबा, दुकान वाढवा ना. आमच्याकडे नाव नोंदवा, फोटो टाका, कुठून कुठून मागणी येईल.” हा म्हणायचा, “सुट्या बशीचा फोटो बघून कोण पसंत करणार गं?” दोन वर्षं हेच चाललं होतं.

आई गेल्यावर मात्र पोरगी आटली. बापाशी बोलायची ती कामावरच्या आवाजात. हो, ठीक आहे, जेवलात का. एकदा तर फोन ठेवताना तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “आणखी काही मदत हवी आहे का?” मला हे सांगताना तो हसला. मग म्हणाला, “हवी होती. पण काय म्हणून सांगू?”

शेवटी गाळ्याच्या मालकाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं. माल घाऊकवाला घेऊन गेला, सुट्या फळीला त्यानं हात लावला नाही, ती कपबशीनं घरी नेली. भर दुपारी त्यानं शटर ओढलं, माझ्या शेजारी पायरीवर बसला आणि मुलीला फोन लावला. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्याची सवय, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“कामात आहेस का गं?”

“बोला बाबा, दोन मिनिटं आहेत.”

“दुकान वाढवलं गं आज.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग अशी किंचाळली म्हणता! “काय सांगता! बाबा! खरंच?” लगेच तिकडच्या मुलींना ओरडून, “ए, ऐका ना, माझ्या बाबांनी दुकान वाढवलं!” तिकडे टाळ्या वाजल्या. भर दुपारी कुणी दुकान वाढवत नसतं, आणि दोन वर्षं ती तोच शब्द स्वतःच्या अर्थानं घोकत होती. तिला तेच ऐकू आलं. “शेजारचा गाळा घेतलात का? किती मोठं झालं?”

यानं फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी खुणा केल्या, सांग, सांग तिला.

“बरंच झालंय,” तो म्हणाला.

“आईला किती बरं वाटलं असतं हो!” आणि ती हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

“अरे गाढवा, सांग की!” मी कुजबुजलो.

“सांगतो. एवढं हसून होऊ दे तिचं.”

ते हसू काही संपलं नाही. आता तिचा रोज फोन यायला लागला. “नवा माल घेतला का?” “ठेवायला जागा कुठंय!” “थकता का हो फार?” “बसूनच तर असतो.” एक शब्द खोटा बोलला नाही पठ्ठ्या, हेच वाईट. त्या गाळ्यात आता कंपनीचीच पार्सलं उतरायला लागली होती. फोनच्या वेळेला हा मुद्दाम त्या पायरीवर जाऊन बसायचा. मागे लोकांचा कालवा, माझं आलं का, आधी मला द्या, मी कधीचा उभा आहे. ती पलीकडून म्हणायची, “केवढी गर्दी आहे बाबा!” हा म्हणायचा, “हो, आज जरा जास्तच.”

मी पुष्कळ समजावलं. दर वेळी एकच उत्तर, “उद्या सांगतो.”

आणि एके दिवशी ती न कळवताच आली. मी समोर चहा पीत होतो. खांद्याला पिशवी, गाळ्यापुढे उभी, वरच्या पाटीवर तिच्याच कंपनीचं नाव. मला बघून रस्ता ओलांडून आली.

“काका, दुकान कुठं हलवलं बाबांनी?”

मी कप खाली ठेवला. “हलवलं नाही, बाळ,” म्हटलं. “वाढवलं.”

 शब्द तिच्या आत उतरलेला मला दिसला. पिशवी खांद्यावरून घसरली.

“लहानपणी रोज संध्याकाळी ऐकायचे मी हे,” ती म्हणाली. “रोज, काका.”

तेवढ्यात तो आलाच. फोनची वेळ झाली होती, फोन हातात धरूनच. तिला बघून थांबला.

“कधी आलीस? जेवलीस का?”

“मी टाळ्या वाजवल्या, बाबा.”

“हो, ऐकल्या मी.”

“तेव्हाच का नाही बोललात?”

“तू हसत होतीस गं.”

“आमच्या कंपनीनंच शेवटी तुमचं...”

“तिला काही बोलायचं नाही. तुझ्या आईला पाणी पाजलंय तिनं.” मग गाळ्याकडे बघून म्हणाला, “आणि माझं दुकानही तिनंच खाल्लं. दोन्ही खरं आहे. मला त्याचा हिशेब लागत नाही, तूही लावू नकोस.”

ती त्याच्याजवळ गेली. “मला एकदा नीट सांगा. तो शब्द नको. बाकीची माणसं सांगतात तसं सांगा.”

“आता काय सांगायचं, कळलं ना तुला.”

“सांगा, बाबा.”

त्यानं तोंड उघडलं. “दुकान...” म्हणाला आणि अडला. आयुष्यभर ज्याला ओठावर येऊ दिलं नाही तो शब्द म्हाताऱ्याला येईचना. पार्सलवाला मागून म्हणाला, “आजोबा, जरा बाजूला होता का?” तो बाजूला झाला. तीही झाली, त्याची बाही धरून.

“दुकान बंद झालं, पोरी.”

“हो.”

“बंद झालं.” आणि एकदा बांध फुटल्यावर पुढचंही थांबलं नाही. “तुझी आई मेली गं.”

“हो, बाबा.”

भर रस्त्यात बापलेक रडत उभी राहिली. खोकी घेऊन निघालेले लोक वळसा घालून जात होते.