देवाच्या आसनाखालची बॅटरी

१९९४ सालच्या चंपाषष्ठीला, संध्याकाळी सहा वाजून तीस मिनिटांनी, आम्हा पाच माणसांना बेंगळूरला परत नेणाऱ्या मोटारीची बॅटरी देवाखाली होती आणि देव झोपले होते. रोषणाईच्या सामानाला तीनशे बारा रुपये लागले होते. हजर होतो ते मी, माझी बायको कुसुम, माझे थोरले चुलतभाऊ अण्णा, वहिनी आणि त्यांची मुलगी विद्या. बॅटरी तिथे ठेवणारा इसम मीच.

आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं आहे ते मोजायचं मी सोडून दिलं आहे, पण कुळाचा खंडोबा आनेकलच्या पुढच्या एका खेड्यात आहे. चंपाषष्ठीला देव तिथल्या तळ्यात जलविहार करतात. दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, वर फळ्या ठोकायच्या, केळीचे खांब उभे करायचे, मधोमध देवांचं आसन, आणि काठावरून दोर ओढून तीन फेऱ्या. याला तिकडे तेप्पा म्हणतात. तेप्प्यावरची रोषणाई दरवर्षी गावातला वायरमन मुनियप्पा करायचा. तो ट्रॅक्टरची बॅटरी होडीच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचा. तिच्यातून निघालेल्या लाल-काळ्या वायरी देवांच्या नाकासमोरून लोंबत जायच्या. मला हे बघवत नसे. मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. लोंबणारी वायर दिसली की मला जेवण जात नाही.

त्या वर्षी रोषणाईची पाळी आमच्या शाखेकडे आली. मी जाहीर केलं, "या वर्षी एकही वायर दिसणार नाही."

"मुनियप्पाला सांगा ना, तो करेल," कुसुम म्हणाली.

"त्याच्या वायरी दिसतात."

"दिवे लागतात का?"

"लागतात."

"मग?"

मी मोजपट्टी घेऊन कामाला लागलो.

हिशेब चोख होता. मोटारीच्या टेललाइटला असतात तसले तीन वॅटचे चाळीस दिवे, म्हणजे दहा अँपिअर. बॅटरी चाळीस अँपिअर-तासांची, म्हणजे चार तासांचा उजेड. जलविहाराला लागणार पाऊण तास. ट्रॅक्टरची बॅटरी साडेनऊ इंच उंच आणि आसनाखालची जागा नऊ इंच, तेव्हा ती बाद. अण्णांच्या मोटारीची बॅटरी सव्वाआठ इंच. बसली. पावणेसहाला दिवे लावायचे, साडेसहाला देव उतरले की बॅटरी काढून मोटारीत घालायची आणि निघायचं. विद्याला बेंगळूरहून रात्री आठ-पन्नासची पुण्याची गाडी होती. तिला तिथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती आणि परवा सकाळी दहाला हजर न झाल्यास नेमणूक रद्द, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ते पत्र मी दोनदा वाचलं होतं. विद्यानं किती वेळा वाचलं असेल ते देव जाणे.

अण्णा बॅटरी द्यायला नाखूश होते. "माधवा, पोरीची गाडी आहे. नक्की ना?"

"अण्णा, पंधरा मिनिटं शिल्लक धरली आहेत."

सकाळपासून दुपारी चारपर्यंत मी वायरी लपवल्या. केळीच्या खांबांची सालं अलगद उलगडून वायर आत घातली आणि वरून परत मिटली. फळ्यांच्या फटींतून वायर नेली आणि फटी मेणानं बुजवल्या. बॅटरी आसनाखाली ठेवून चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या. खिळे बावीस. (मुनियप्पा पायरीवर बसून पान खात हे बघत होता. मला वाटलं, शिकतो आहे.) स्विचसुद्धा आतच बसवला आणि त्याचा एक दोरा तेवढा मागच्या खांबातून बाहेर काढला. ओढला की दिवे लागणार, पुन्हा ओढला की विझणार. पुढच्या माणसाची अडचण होऊ नये म्हणून सगळ्या वायरिंगची आकृती काढली, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि सुरक्षित राहावी म्हणून बॅटरीजवळच ठेवली. मग शेवटची फळी ठोकली.

रोषणाई अप्रतिम झाली. हे मीच सांगतो, कारण नंतर कुणी सांगितलं नाही. पावणेसहाला दोरा ओढला आणि चाळीसच्या चाळीस दिवे लागले. एक वायर दिसेल तर शपथ. काठावरची माणसं 'येळकोट येळकोट' करत होती. दोन बायका विचारत होत्या, करंट कुठून येतोय? मी नुसता हसलो.

बरोबर साडेसहाला तेप्पा पायऱ्यांना लागला. आरती झाली. मी बाह्या वर करून पुढे झालो. तेवढ्यात पुजारी नागप्पांनी आसनासमोर पडदा ओढला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"देव मलगले," नागप्पा म्हणाले. (आमच्या मराठीत निजण्याला मलगणं हा कन्नड शब्द कधी शिरला ते ठाऊक नाही, पण त्या क्षणापर्यंत मला तो गोड वाटत असे.)

"कधीपर्यंत?"

"पहाटे पाच. आज देव पाण्यावरच निजतात की. दरवर्षी."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं गेली तीस-बत्तीस वर्षं या उत्सवाला येत होतो आणि दरवर्षी आरती होता होता, शेवटची बस चुकेल म्हणून धावत सुटत होतो. आरतीनंतर देव काय करतात हे आमच्या शाखेत कुणालाच माहीत नव्हतं. आपण निघालो म्हणजे देवही निघाले, अशी आमची समजूत.

"स्वल्प बाजूला सरकवता येतील?" मी विचारलं.

"झोपलेल्या माणसाला तरी सरकवतात का?"

"खाली बॅटरी आहे हो. मोटारीची."

नागप्पा विचार करून म्हणाले, "काढा. पण आवाज करायचा नाही."

मी आणि अण्णा पडद्याशी गुडघे टेकून बसलो. अण्णांकडे स्क्रू-ड्रायव्हर, माझ्याकडे नारळ सोलायची कोयती. पहिला खिळा निम्मा वर आला आणि किंचाळला.

"श्श," नागप्पा म्हणाले.

"किती वाजले?" अण्णा कुजबुजले.

"सहा अडतीसला सुरू केलं, सहा पंचेचाळीसला एक खिळा निघाला. उरले एकवीस. खिळ्यामागे सात मिनिटं धरून एकशे सत्तेचाळीस मिनिटं." मी घड्याळ पाहिलं. "नऊ बाराला बॅटरी हातात येईल."

"गाडी आठ-पन्नासला आहे."

"हो."

"मग हे मला कशाला सांगतोस?"

मागून नागप्पांनी माझ्या खांद्याला बोट लावलं. "दिवे विझवा. देवांच्या डोळ्यांवर उजेड येतोय."

ही गोष्ट तरी माझ्या हातातली होती. मी मागच्या खांबाकडे गेलो आणि दोरा ओढला. दोरा आला. पूर्ण आला. त्याच्या टोकाला काही नव्हतं.

"स्विच कुठंय?" काठावरून वहिनींनी विचारलं.

"आत."

"आकृती काढली होतीत ना?" कुसुमनं विचारलं.

"तीही आतच."

कुसुमनं विद्याची ट्रंक ओढून तिच्यावर बसकण मारली. नागप्पांनी कुठून तरी एक घोंगडी आणली आणि पडद्यावर टाकली. तिच्या विणीतून माझे चाळीस दिवे गाळणीतून यावेत तसे येत राहिले. विद्या हातातल्या पर्समधून ते पत्र काढायची, परत घालायची. या मुलीनं मला लहानपणापासून प्रत्येक गोष्ट विचारली होती, आणि आज ती काहीच विचारत नव्हती. शेवटची बस गेलेली. गावात टॅक्सी नाही. फोन आनेकलला.

पायरीवरून मुनियप्पानं पानाची पिंक टाकली. (तो कन्नडमध्ये बोलला. इथे मराठीत देतो, फक्त 'सार' म्हणजे 'सर' तेवढं त्याचंच ठेवतो.) "सार, ट्रॅक्टरची बॅटरी आणू?"

"तुझ्याकडे आहे?"

"दरवर्षी असते."

"मग मघापासून बोलला का नाहीस?"

"तुम्ही कामात होता."

ट्रॅक्टरची बॅटरी मोटारीच्या कप्प्यात बसेना. साडेनऊ इंच. उंची मला तोंडपाठ होती, त्यामुळे धक्का बसला नाही. शेवटी मुनियप्पानं दोन जाड केबली बॉनेटमधून काढल्या, खिडकीतून आत घेतल्या आणि बॅटरी पुढच्या सीटसमोर ठेवली. बॉनेट बंद होईना, ते सुंभानं बांधलं. केबलींचा बॅटरीकडचा एक चिमटा नीट बसला. दुसऱ्याची स्प्रिंग ढिली होती.

"हा धरून बसावं लागेल," मुनियप्पा म्हणाला. "मोटार बंद करायची नाही. आणि मध्ये सोडायचा नाही."

कोणी धरायचा यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

सात वाजून पाच मिनिटांनी आम्ही निघालो. मी पुढच्या सीटवर, बॅटरी दोन पायांच्या मध्ये, खाली पोतं, अंगावर रेशमी काठाचं धोतर, हातात चिमटा. मांडीवरून, छातीवरून, खिडकीतून बाहेर, काचेसमोरून बॉनेटपर्यंत वायरीच वायरी. रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या मनगटातून मोटारीच्या दिव्यांपर्यंत जात होता.

"दिवे गेले," अण्णा म्हणायचे.

"धरलंय."

"आले."

पुन्हा खड्डा. "गेले."

"धरलंय, अण्णा."

"धरलंय तर जातात कशाला?"

होसूर रोडला लॉऱ्यांची रांग लागली. घड्याळ डाव्या मनगटाला आणि चिमटा डाव्याच हातात, त्यामुळे वेळ बघायची तर दिवे जाणार. मी वेळ बघणं सोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"काका," मागून विद्या म्हणाली, "आठ वाजून बारा मिनिटं."

"पोचतो गं."

"पंधरा मिनिटं शिल्लक धरली होती ना तुम्ही?"

"धरली होती."

"मी धरते आता थोडा वेळ?" ती म्हणाली. मला वाटलं, शिल्लक धरते म्हणतेय. ती चिमट्याबद्दल म्हणत होती. मी नको म्हटलं. एवढं तरी काम मी पूर्ण करायचं ठरवलं होतं.

आठ त्रेचाळीसला सिटी स्टेशन आलं. कुसुम आणि वहिनी ट्रंक घेऊन धावल्या, विद्या बॅगेसकट पुढे. अण्णांना मोटार बंद करता येत नव्हती. मला उतरता येत नव्हतं, कारण मी आता मोटारीचाच एक भाग होतो. आम्ही दोघं समोर बघत बसलो. पोलीस आला, काचेवर टकटक केलं, वायरी पाहिल्या, माझं धोतर पाहिलं, आणि निघून गेला.

आत कुठेतरी गाडीनं शिटी दिली. आमची की दुसरी, कळेना.

पाच मिनिटांनी कुसुम येताना दिसली. सावकाश चालत होती. सावकाश म्हणजे काय समजायचं? चुकली म्हणून की मिळाली म्हणून?

"मिळाली?" मी खिडकीतून विचारलं.

"मिळाली. डबा लगेच सापडला," ती म्हणाली. "तो कुणी लपवून ठेवला नव्हता."

अण्णांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न वाजला. माझा उजवा हात आपोआप डोळ्यांकडे गेला. डावा मात्र चिमट्यावरच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि अण्णा ट्रॅक्टरची बॅटरी परत घेऊन खेड्यात गेलो. देव उठून देवळात गेले होते. नागप्पा म्हणाले, दिवे रात्री पावणेदहाला आपोआप विझले. माझ्या हिशेबाप्रमाणे बरोबर चार तास. हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मुनियप्पानं पहार घालून दहा मिनिटांत फळ्या उचकटल्या, आमची बॅटरी काढली आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून मोटार चालू करून दिली. मी पैसे विचारले.

"बॅटरीचे नकोत, देवाचं काम. फळ्या काढायचे चाळीस द्या."

मी चाळीस दिले आणि सवयीप्रमाणे पावती मागितली. मुनियप्पानं पुडीचा कागद घेतला, पेन्सिल जिभेला लावली आणि सावकाश लिहिलं. ती पावती माझ्याकडे अजून आहे. कन्नडमध्ये आहे, अक्षर मोठं आणि स्वच्छ आहे: 'मिळाले रुपये चाळीस. काम: सारांची बॅटरी शोधून दिली. सापडली ते ठिकाण: सारांनी ठेवली होती तिथेच.'