सिरीयस हाय, निघून या

आमच्या गावात माणूस गेलं की पहिला निरोप मच्छिंद्रनानाकडं जातो. रडत्या घरात फोन लावायला कुणाचा हात वळत नाही. नाना येतो, ओट्यावर बसतो, चष्मा कपाळावर चढवतो आन् एकेका सोयऱ्याला फोन लावतो. तरुणपणी हेच काम सायकलवर करायचा, पार पाथर्डीपातूर.

नानाची इंग्रजी ह्या कामापुरतीच. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं असलं तर "ऑफ झालं" म्हणायचं. ऐकणारा "सुटलं बिचारं" म्हणतो आन् गाडी बघायला लागतो. पण तरणंताठं माणूस गेलं, नाहीतर लेकीला बापाचं सांगायचं असलं, तर आधी विचारायचं, "जवळ कोन हाय तुझ्या?" कुणी असलं तरच पुढचं. "सिरीयस हाय, निघून या."

मी एकदा म्हणालो, "नाना, गेलेल्या माणसाला सिरीयस म्हनता. खोटं न्हाई का हे?"

"लेका, मेला म्हनलं की मानूस जाग्यावर बसतंय. मग त्याला एस्टीत कोन चढवनार, तुझा बाप? सिरीयस म्हनलं की पायात चप्पल तरी घालतंय."

त्याची बायको केशरबाई, आमची नानी, चुलीपुढून म्हणायची, "ह्यांचं नाव मोबाईलात दिसलं की लोकं आधी रडत्यात, मग उचलत्यात!" खरंच होतं ते. नानाचं सिरीयस म्हंजी गेलं, हे सगळ्यांनाच ठावं होतं. तरी वाटभर जो तो सलाईनच्या गोष्टी करत यायचा.

गेल्या साली कापूस वेचणी चालली होती. मी पिकअप घेऊन नानाच्या रानात गेल्तो. नानी लांबच्या सरीला होती. नानाचा फोन वाजला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. आकिब बोलत होता. नानाचा एकुलता पोरगा पार्थ सुप्याला कंपनीत कामाला, आन् आकिब त्याच्याच खोलीवर राहणारा.

"काका, जवळ कोन हाय तुमच्या?"

नानाच्या हातात कापूस होता. झोळीत टाकायचा, तो त्यानं मातीत टाकला.

"हाय शेजारचा. बोल."

"पार्थ गाडीवरून पडला, काका. सिरीयस हाय. निघून या."

"ॲडमिट केलंय न्हवं?"

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग आकिब म्हणाला, "व्हय काका. ॲडमिट हाय."

"चांगलं केलं बाळा. तू जेवला का?"

 आकिबनं फोन ठेवला.

नानी सरी सोडून जवळ आली. "काय वं, कुनाचा फोन?"

"पार्थ सिरीयस हाय. निघायचंय."

तिनं कमरेची झोळी सोडून बांधावर ठेवली. घरी आल्याबरोबर ती लुगडं बदलून तयार झाली. पिशवीत पार्थचा स्वेटर घातला, "दवाखान्यात गार लागतंय" म्हणाली. थर्मासात चहा भरला, पोराला आवडतो तसा, आलं घालून. नाना दाराला टेकून बघत होता. मला हळूच म्हणाला, "हिला कळलं न्हाई रं."

तिघंही पुढंच बसलो, नानी मधी. शेवगाव सुटलं, नगर सुटलं. नगरच्या पुढं नानानं घसा खाकरला. दुसऱ्याच्या घरात इतके फोन लावलेला माणूस, पण त्याला सुरुवात सापडेना.

"आगं, आयक जरा..."

"बोलू नका," नानी समोर बघत म्हणाली. "चुलीपुढं बसून जल्मभर ऐकलेत मी तुमचे फोन. मला काय सांगता? सुप्यापातूर सिरीयसच ऱ्हाऊ द्या त्याला."

नानानं काच खाली घेतली आन् तोंड बाहेर केलं. थर्मास तिच्या मांडीवर होता, दोन्ही हातांनी धरलेला. पुढं रस्ता मोकळा होता. मी गाडी हळू घेतली.