आमच्या टीमचा डावा कोपरा

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीची कबड्डी टीम हाय. ढाली म्हणाल तर दोनच. किस्से मात्र इतके साठलेत, की दुपारी डबा उघडला की एकातून दुसरा निघतो आणि भाकरी तशीच राहते.

चढाईला मारुती. डाव्या कोपऱ्यावर, म्हणजे येणाऱ्याचा पाय धरायला, शिवाप्पा. तेच कॅप्टन, वयानंही मोठे. त्यांच्या शेजारी मी.

*

एकदा पेपरात फोटो आला. समोरचा चढाईवाला अख्खा दिसतोय आणि त्याच्या कमरेभोवती नुसते दोन हात. मी मच्छे गावी घरी नेऊन आईला दाखवला.

"तू कुठं हाईस रं?"

"हे हात माझे!"

आईनं चष्मा लावला, नीट बघितलं. "नखं तरी कापायची न्हाईत व्हय!"

*

मारुती पोरगी बघायला खानापूरकडं गेलता. पोरीच्या वडलांनी विचारलं, "खेळात तुम्ही नेमकं काय करता?"

हा सरळ माणूस. म्हणाला, "दुसऱ्याच्या अंगणात जातो, हात लावतो आणि पळून येतो."

वडलांनी चहाचा कप खाली ठेवला.

आतनं पोरगीच बोलली, "माघारी येतोय न्हवं? मग चालतंय!"

*

प्रॅक्टिसमध्ये शिवाप्पांचा हात सुजला. डॉक्टरांनी विचारलं, "मशीनमध्ये सापडला?"

"न्हाय, मारुतीचा पाय धरलता."

"हा मारुती कोण?"

"भाईर बसलाय. त्याचा पाय सुजलाय."

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही एकाच टीमचे ना?"

*

निपाणीला मॅच होती. समोर सीमेपलीकडची, नुसती मराठी बोलणारी टीम, त्यांना कन्नडचा गंध न्हाय. म्हणून आम्ही आपसात कन्नडमध्ये ओरडायचो. 'हिडी' म्हणजे धरा, 'बिडी' म्हणजे सोडा.

त्यांचा चढाईवाला परतताना मधल्या रेषेजवळ पोचला. आता धरून उपयोग नव्हता. मी ओरडलो, "बिडी! बिडी!"

तो थांबला. "आत्ता? मॅच झाल्यावर वढूया की!"

कबड्डी-कबड्डी तुटलं. पंचांची शिट्टी. औट!

*

शिवाप्पांचं रिटायरमेंटचं वर्ष. फायनल. एक पॉइंटनं आम्ही पुढं, शेवटची चढाई आमची. पण मारुतीसकट आम्ही सहा जण बाद होऊन भाईर, आत एकटे शिवाप्पा. जन्मात कधी चढाईला न गेलेला माणूस!

मारुती बाहेरनं ओरडला, "आप्पा, पलीकडची रेषा वलांडा, वेळ काढा, माघारी या! कुणाला धरू नगासा!"

शिवाप्पांनी मान हलवली. कबड्डी-कबड्डी करत गेले. रेषा वलांडली. वेळ काढला. वळले सुद्धा!

तेवढ्यात त्यांच्या एकानं पाय पुढं टाकला.

शिवाप्पांनी दोन्ही हातांनी त्या पायावर झडप घातली. बाकीचे सहाच्या सहा त्यांच्यावर पडले. शिट्टी झाली. पकडीचा एक आणि आमची अख्खी टीम बाद झाल्याचे दोन, असे तीन पॉइंट त्यांना. समोरची टीम उठून नाचायला लागली. मारुती तोंडावर टॉवेल घेऊन बसला.

त्यांचा एकटा पोरगा तेवढा नाचायला गेला न्हाय. त्याला उठताच येईना.

आम्ही पळत गेलो. मी म्हटलं, "आप्पा, सोडा. संपलं."

शिवाप्पांनी मातीतनं मान वर केली.

"पंच, लिहून घ्या! पकड आमची!"