सुभेदारांचा बुटका गहू

"सायेब, तुमचं बी मेलेलं हाय!" सुभेदारांनी उरलेल्या गव्हाचं पोतं माझ्या टेबलासमोर आदळलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कृषी खात्यात, आष्ट्याकडं. बुटक्या गव्हाचं वाण तेव्हा तिकडं नवंनवं आलेलं. पलटणीतून रिटायर झालेल्या या सुभेदारांनी "माझा शब्द हाय" म्हणत अख्ख्या भावकीला आमच्या खात्याकडून तेच बी घ्यायला लावलं होतं. पहिली पेरणी त्यांची. बाकीचे उगवण बघून पेरणार. आणि रान उजाड!

आमचे साहेब म्हणाले, "पोती परत घ्या. बोभाटा नको."

"सर, आधी रान बघतो."

"उगवलंच नाही, तर बघणार काय?"

माझं डोकं तापलं. या बियाण्याची टेस्ट मी स्वतः केली होती. ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळायचे आणि मोड मोजायचे. झकास मोड आले होते.

रानावर भावकी जमलेलीच. सुभेदारांचा चुलतभाऊ फणकारला, "दादा, आता तुमच्या शब्दावर आमी पानीबी पिनार न्हाई." सुभेदार मान खाली घालून उभे.

तेवढ्यात मला बांधाच्या कडेला हिरवी पट्टी दिसली. बैल वळवताना पेरणीची पाभर उचलतात आणि बी वरच्यावर पडतं, नेमकी तिथं! मी पळतच सुटलो. रानाच्या मधोमध एका तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, खुरप्यानं उकरलं. पाच-सहा बोटं खाली दाणा सापडला. पांढरा कोंब मातीतच वेटोळं होऊन अडकलेला.

"सुभेदार, बी जिवंत आहे! अहो, जिवंत आहे!"

बुटक्या गव्हाचा पहिला कोंबही आखूड. वर दोन-तीन बोटं माती, बास. इथं सवय शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची; ती ओल गाठायला खोल पेरतात.

"खोल जावी म्हणून पाभरीवर दगड ठेवला होता?" मी विचारलं.

"दगड कशाला? मी सोता हुबा हुतो. म्हटलं, नवं बी हाय, जाऊ दे चांगलं खोल."

सुभेदारांचा आडवातिडवा देह बघून मला हसू आवरेना.

उरलेलं पोतं त्यांनी हलक्या हातानं पेरलं. काही दिवसांत तासच्या तास वर आले. मी गेलो तेव्हा सुभेदार पारावर सगळ्यांसमोर सांगत होते, "बी चांगलं हुतं. मीच गाडलं त्याला. आता पेरा गड्यांनो, थंडी निघून चालली."

चुलतभाऊ उठला. "दादा, चुकलं म्हनून सोता सांगताय, मग आता तुमचा शब्द खरा." तो बैल जुंपायला निघालाही.

साहेबांना मी इतकंच कळवलं: पोती परत येत नाहीत. बी मेलं म्हणण्याआधी उकरून बघावं.