निलंग्याहून दुसऱ्यांदा आणलेल्या शेंगा

प्रा. सोनकांबळे सरांना मी प्रथम पाहिले ते नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. मी वनस्पतिशास्त्राची, नुकतीच रुजू झालेली. सर खिडकीत काचेच्या बरण्या मांडत होते. बरण्यांत बाभळीच्या शेंगा होत्या आणि तोंडाला मलमलीचे कापड बांधलेले होते.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"वाट बघून राहिलो, मॅडम. भुंगा निघतो का माशी, ते."

इतका हसतमुख माणूस प्रयोगशाळेत मला खपत नाही. यांच्यावर लक्ष ठेवायला हवे, असे मी त्याच दिवशी ठरवले.

सरांचा विषय थोडक्यात सांगते. एक भुंगा बाभळीच्या शेंगेवर अंडी घालतो. अळी आत शिरून बी पोखरते. एक बारीक गांधीलमाशी त्या अळीला हुडकून तिच्यावर आपले अंडे घालते आणि मग त्या बीतून भुंग्याऐवजी माशीच बाहेर पडते. झाड, भुंगा आणि माशी यांचे हे नाते सगळीकडे सारखे असते की गावागणिक बदलते, हे सरांना पाहायचे होते. त्यासाठी ते भर उन्हात मोटारसायकलवर बिलोली, उमरी आणि लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यापर्यंत हिंडले.

सरांच्या चांगुलपणाबद्दल त्यांच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकात पुष्कळांनी लिहिले असेल. मी तो तपासून घेतला आहे. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा सर रोज संध्याकाळी घरून डबा घेऊन येत. परीक्षेची ड्यूटी बदलून मागतील, असे मी धरून चालले होते. आई बरी होऊन घरी आली, तरी त्यांनी काहीच मागितले नाही. मी आणखी सावध झाले.

पुढे बरण्यांतून निकाल आला. बिलोलीच्या शेंगांतून माश्याच माश्या, निलंग्याच्या शेंगांतून जवळजवळ नुसते भुंगे. सरांनी शोधनिबंध पाठवला. प्राध्यापकपदाच्या बढतीची मुलाखत तोंडावर होती आणि सगळी भिस्त या निबंधावर होती. स्टाफरूममध्ये "सर, पेढे कधी?" सुरू झाले. मला हा निकाल फार नीटनेटका वाटला. मी म्हणाले, "मला ते निलंग्याचं झाड दाखवा."

सर लगेच घेऊन गेले. बांधावर काशीबाई शेळ्या राखत बसल्या होत्या.

"या मास्तर! आज बाईला बी आणलं? शेंगांचं वरण करता का काय घरी?" मग त्यांनी दम दिला, "खालच्या उचला हं. वरच्या माझ्या शेळ्यांच्या हायेत."

मी सरांना विचारले, "मागच्या वेळीही खालच्याच उचलल्या होत्या?"

"हाव. त्यांच्या शेळ्यांच्या तोंडचं कसं तोडून न्यायचं?"

"आणि बिलोलीला?"

"तिथं आमचंच शेत. फांदीवरच्या..." सर बोलता बोलता थांबले.

पडलेल्या शेंगेतून माश्या आधीच उडून गेलेल्या असू शकतात. शिवाय जमिनीवर भुंगे तिच्यावर पुन्हा अंडी घालतात. आम्हाला दिसलेला फरक नांदेड-लातूरचा नसून फांदीचा आणि मातीचा असू शकत होता, आणि तो शिरला होता सरांच्या भिडस्तपणातून. मी हे तिथेच बोलून दाखवले.

सर बांधावर बसले. मग म्हणाले, "मॅडम, हे मुलाखतीनंतर सांगितलं असतं तर?"

"तर आजच कशाला आले असते?"

मुलाखत होईपर्यंत हे प्रकरण झाकून ठेवतील, असा माझा अंदाज होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निबंध मागे घेतल्याचे सांगितले. मी संपादकांना फोन करून खात्री केली. खरे होते. मुलाखतीतही सरांनी, माझा निकाल अजून भरवशाचा नाही, असे आपणहून सांगितले. पद दुसऱ्याला मिळाले.

पुढच्या उन्हाळ्यात सर काशीबाईंच्या शेळ्यांसाठी पेंडीचे पोते घेऊन गेले आणि फांदीवरच्या शेंगा मागून आणल्या. या वेळी बरण्यांची तोंडे मी बांधली आणि गाठींवर लाखेचे सील केले.

"मॅडम, पोलीस ठाण्यातून आलात काय?" सर म्हणाले. "लाख संपली तर सांगा. माझ्या कपाटात हाय."

काही आठवड्यांनी त्यांनी मला हाक मारली. मी आधी सील पाहिले, मग बरणी. निलंग्याच्या शेंगांतून माश्या निघाल्या होत्या, बिलोलीइतक्याच. ज्या फरकावर पद मिळायचे होते, तो फरकच उरला नव्हता. सर मात्र बरणी उजेडाकडे धरून विद्यार्थ्यांना एकेकाला बोलावत होते. माणूस हरल्यावर असा आनंदित होत नाही. ते नाटक असेल म्हणून मी बराच वेळ दारात उभी राहिले. नाटक नव्हते.

आता सर साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहेत, त्या पदाशिवाय. एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. उमरीला फांदीवरच्या शेंगांतूनही माश्या कमीच निघतात. तिथली झाडे विखुरलेली असल्याने माशीला ती सापडत नाहीत, असे सरांचे म्हणणे. मला ते मुळीच पटलेले नाही. तिथे शेंगा उशिरा धरतात, हे कारण असावे. याचा निकाल लागायला बरेच उन्हाळे जातील. तेवढे सगळे उन्हाळे सरांना मिळोत. त्यांचे गुडघे बांध चढण्याजोगे राहोत, नजर ती बारीक माशी ओळखण्याइतकी तीक्ष्ण राहो, आणि त्यांचे म्हणणे खरे ठरलेच, तर माझी पुढची शंका ऐकायला त्यांना उदंड आयुष्य लाभो.