निरशा दुधाचा प्रसाद

देवाचा राग आला असं मोठ्यानं म्हणायची आपल्यात रीत नाही. मी म्हणते. दोन वर्षांपूर्वी तो समोर असता तर मी त्याला सरळ जाब विचारला असता.

सिल्लोडजवळ माझं माहेर. गाय व्याली की चिकानंतरचं पहिलं दूध बांधावरच्या म्हसोबाला दाखवायचं, तेही निरसं. उकळलं तर नैवेद्य बाटतो म्हणे! मग तो प्रसाद घरातल्या सगळ्यात लहान लेकराला. माझा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. "पी राजा, ताकद येती," म्हणत अख्खा पेला मीच त्याला पाजला.

संभाजीनगरला घरी परतलो आणि त्याला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी रक्त दिसलं. जवळच्या मेडिकलवाल्यानं पोराला न बघताच जुलाब थांबवायचं औषध दिलं, आणि मी शहाणीनं ते पाजलंही. दोन दिवसांत जुलाब थांबले. सासूबाई म्हणाल्या, "म्हसोबा पावला." मी पोराला कडेवर घेतलं आणि नारळ घेऊन चौकातल्या मारुतीला निघाले.

देवळाबाहेर चपला सांभाळायला एक अनोळखी म्हातारी बसली होती. ती पोराकडं टक लावून बघायला लागली. "लेकरू असं पांढरंफटक का गं? डोळे बी सुजल्यात. लघवी कवा केली यानं?"

मला आठवेना. काल सकाळी? चड्डी कोरडी राहते म्हणून मी तर खूश होते.

"जुलाबात रक्त व्हतं?"

मी हो म्हणताच ती खेकसली, "मग इथं काय करतीस? दवाखान्यात पळ! देव कुठं पळून चाललाय व्हय?" तिच्या नातीचं असंच झालं होतं, एवढंच सांगितलं तिनं. रिक्षाही तिनंच अडवली.

डॉक्टर म्हणाले, जंतूंचं विष रक्तात उतरलंय, तांबड्या पेशी फुटतायत, मूत्रपिंडं बंद पडत चाललीत. पाच वर्षांखालचं मूल, कच्चं दूध, रक्ताचे जुलाब आणि वर ते थांबवायचं औषध. धोक्याची एकेक गोष्ट मी आपल्या हातानं गोळा केली होती. जुलाब थांबल्यावरच लघवीवर आणि चेहऱ्याच्या रंगावर नजर ठेवायची असते, म्हणे. मग हे आम्हाला आधी कुणी का सांगत नाही? औषध देणाऱ्याचं तोंड शिवलं होतं का? आणि मी तरी त्याला विचारलं का नाही?

डायलिसिस सुरू झालं. बाहेर बसून मी म्हसोबाशी कडाकडा भांडले. तुझाच प्रसाद ना रे हा? उकळलेलं दूध गोड लागलं नसतं तुला? तो काय बोलणार! त्यानं कधी निरसंच हवं म्हणून मागितलं होतं? भांडून भांडून थकले, तेव्हा म्हटलं, चूक माझी. आता डॉक्टर सांगतील ते सगळं करीन. पुढचं माझ्या हातात नाही, तू बघ. आजवर मी डोळे मिटण्यालाच शरण जाणं समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी हात जोडले.

आठव्या दिवशी लेक माझ्या मांडीवर झोपला होता. अचानक साडी कोमट, ओली झाली. नर्स म्हणाली, "ताई, उठा, साडी बदला." मी हलले नाही. हुंदके देत त्या ओल्या पदराला कपाळ टेकवलं. कुठल्याच देवळात मी इतकी वाकले नव्हते.